पहिली टर्की आणि फोनवरचा आधार : बटरबॉल टर्की टॉक-लाइनचा अनुभव

मागच्या नोव्हेंबरमध्ये थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाच्या जेवणासाठी मी आयुष्यात पहिल्यांदा टर्की, म्हणजे कोंबडीसारखाच पण खूप मोठा पक्षी, अख्खी भाजली. न्यू जर्सीत येऊन आम्हाला नऊ वर्षे झाली, पण इतकी वर्षे त्या दिवशी आम्ही कुणाच्या तरी घरी पाहुणे म्हणून जात होतो आणि सोबत पुलाव नाहीतर गाजराचा हलवा नेत होतो. या वेळी दोन कुटुंबे आमच्याकडे येणार होती, कोल्हापूरहून सासूबाई आलेल्या होत्या आणि जेवण आपल्याच घरी, तेही टर्कीसकट व्हावे असा मुलीचा हट्ट होता. बुधवार संध्याकाळपासून गुरुवार दुपारपर्यंत टर्की विकणाऱ्या बटरबॉल कंपनीच्या, टर्की कशी शिजवावी ते सांगणाऱ्या टर्की टॉक-लाइन या मोफत फोनसेवेला मी तीन वेळा फोन केला. आमच्या ओळखीच्या मराठी घरांतून ही सेवा कुणी वापरल्याचे मी ऐकले नव्हते, म्हणून तिचा नेमका उपयोग कुठे होतो हे पहिल्यांदा टर्की करणाऱ्यांना कळावे यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

सेवेची थोडी माहिती आधी देते. ती १९८१ साली सुरू झाली. पहिल्या हंगामात सहा गृहविज्ञानतज्ज्ञ महिला फोनवर बसल्या होत्या आणि त्यांनी सुमारे ११,००० फोन घेतले. आज इलिनॉय राज्यातल्या नेपरव्हिल येथून पन्नासच्या आसपास जाणकार ही लाइन चालवतात. २०१३ पासून त्यांत पुरुषही आहेत. हंगामापूर्वी सगळ्यांचे प्रशिक्षण होते, ज्याला कंपनी ‘बटरबॉल युनिव्हर्सिटी’ म्हणते, आणि त्यात वेगवेगळ्या पद्धतींनी टर्की प्रत्यक्ष शिजवून पाहिली जाते. लाइन फक्त नोव्हेंबर आणि डिसेंबर या दोन महिन्यांत चालते आणि खुद्द थँक्सगिव्हिंगच्या दिवशीही सुरू असते. क्रमांक पाठ करावा लागत नाही. १-८०० नंतर फोनच्या बटणांवर कंपनीच्या नावाची इंग्रजी अक्षरे दाबली की तो लागतो. बोलायचे नसेल तर संदेश पाठवूनही प्रश्न विचारता येतो. माझी टर्की दुसऱ्याच कंपनीची होती, तरी तिन्ही वेळा माझ्या प्रश्नांना पूर्ण वेळ देऊन उत्तरे मिळाली.

मी कोल्हापूरची आहे आणि मांसाहारी स्वयंपाक मला नवा नाही. पण आपल्या स्वयंपाकाचे सगळे ज्ञान तुकड्यांचे आणि रश्श्याचे आहे, ही गोष्ट त्या आठवड्यापर्यंत माझ्या लक्षातच आली नव्हती. आपण मटण तोडून घेतो, हळद-मीठ लावतो, परततो, पाणी घालतो, झाकणावर पाणी ठेवतो, आणि मग एक तुकडा काढून बोटांनी दाबून पाहतो. शिजले नसेल तर आणखी दहा मिनिटे ठेवतो. पाणी कमी वाटले तर आधणाचे घालतो, मीठ कमी असेल तर रश्श्यात घालतो. शेवटच्या क्षणापर्यंत पदार्थ आपल्या हातात असतो. अख्खी टर्की ओव्हनमध्ये ठेवली की यातले काहीही करता येत नाही. तो पक्षी सहा किलोचा असतो, बाहेरून तांबूस दिसत असताना आत कच्चा असू शकतो, छातीचे मांस आणि मांडीचे मांस वेगवेगळ्या गतीने शिजते, आणि मध्ये तुकडा काढून पाहायचा म्हटले तर ताटात मांडायच्या आधीच पक्षी फोडल्यासारखे होते. लग्नानंतर पहिल्यांदा उकडीचे मोदक करताना उकड ताटात घेऊन मी आईला फोन लावला होता आणि हाताला चिकटते आहे म्हणून सांगितले होते. आईने वाफ किती वेळ दिलीस एवढे एकच विचारले आणि माझे काम झाले. टर्कीसाठी असा फोन करायला माझ्याकडे कुणीच नव्हते. आई टर्की करत नाही, सासूबाई करत नाहीत, आणि शेजारच्या अमेरिकन काकू त्या आठवड्यात मुलीकडे बोस्टनला गेल्या होत्या.

शिवाय वाराचा प्रश्न होता. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो; अमेरिकेत १९४१ साली तसा कायदाच झाला. आपल्याकडे गुरुवार म्हटला की अनेक घरांत दत्ताचा वार, आणि कधी कधी मार्गशीर्षातला गुरुवारही याच सुमारास येतो. सासूबाई एरवी मटण आवडीने खातात, पण गुरुवारी खात नाहीत. पाहुण्यांमध्येही एक जोडपे पूर्ण शाकाहारी होते. जेवायला नऊ माणसे आणि त्यांतले टर्की खाणारे सहा. माणशी दीड पौंड कच्चे वजन धरावे, म्हणजे दुसऱ्या दिवसासाठीही थोडे उरते, असा इथला ठोकताळा आहे. त्या हिशेबाने नऊ पौंड पुरले असते, पण दुकानात तेवढी लहान टर्की उरली नव्हती, म्हणून तेरा पौंडांची, म्हणजे जवळजवळ सहा किलोची, गोठवलेली टर्की शनिवारी घरी आणली आणि फ्रीझरमध्ये ठेवली.

चूक इथेच झाली. फ्रीझरमधली कोंबडी मी आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये ठेवते आणि सकाळी ती मोकळी होते, या सवयीने टर्की सोमवारी रात्री खाली ठेवली आणि आपण दोन दिवस जास्तीचेच दिले आहेत असे समजून निर्धास्त राहिले. बुधवारी संध्याकाळी पिशवीवरून दाबून पाहिले तर मांड्या मऊ लागल्या, पण छातीचा मधला भाग दगडासारखा होता. पाहुणे दुसऱ्या दिवशी तीन वाजता जेवायला बसणार होते. त्या वेळी मी पहिला फोन केला.

फोनवरच्या बाईंनी सुरुवातीला मला काहीही सांगितले नाही, त्यांनी विचारले. पक्षी किती पौंडांचा आहे, फ्रीजमध्ये केव्हा ठेवला, फ्रीजच्या कोणत्या कप्प्यात आहे, पिशवी अजून बंद आहे का, आणि जेवण किती वाजता आहे. या पाच प्रश्नांची उत्तरे देताना माझी घालमेल अर्धी कमी झाली, कारण त्यांच्या विचारण्यावरूनच कळत होते की ही अडचण त्यांनी खूप वेळा ऐकली आहे आणि तिला ठरलेला मार्ग आहे. मग त्यांनी हिशेब मांडला. फ्रीजमध्ये दर चार पौंडांना एक पूर्ण दिवस लागतो, म्हणजे तेरा पौंडांना सव्वातीन दिवस हवे होते. गुरुवारी सकाळी सहापर्यंत माझे सव्वादोन दिवसांहून थोडे अधिक होणार होते. उरलेले काम थंड पाण्याने करायचे. पूर्ण गोठलेल्या पक्ष्याला थंड पाण्यात पौंडामागे अर्धा तास लागतो, पण माझा बराचसा सुटलेला असल्यामुळे सुमारे दोन तास पुरतील. पिशवी फोडायची नाही, छाती खाली करून पक्षी पूर्ण बुडेल एवढे थंड पाणी घ्यायचे आणि दर अर्ध्या तासाने ते बदलायचे. गरम पाणी अजिबात वापरायचे नाही, कारण त्याने वरचे मांस कोमट होते, तिथे जंतू वाढू लागतात आणि आतला बर्फ तसाच राहतो.

मला सगळ्यात मोलाची वाटली ती पुढची सूचना. मी आत्ताच, म्हणजे बुधवारी रात्रीच पाण्यात घालते असे म्हणत होते. त्यांनी मला थांबवले. पाण्यात सोडवलेला पक्षी लगेच शिजवायला घ्यावा, म्हणून रात्रभर फ्रीजमध्येच राहू द्या आणि पाण्याचे काम सकाळी करा, असे त्यांनी सांगितले. पाककृतींमध्ये दोन्ही पद्धती दिलेल्या असतात, पण अर्धी एक आणि अर्धी दुसरी अशी वेळ आली तर त्यांचा क्रम कसा लावायचा हे कुठेही लिहिलेले मला सापडले नव्हते. माझ्या घड्याळाप्रमाणे आणि माझ्या पक्ष्याच्या वजनाप्रमाणे हिशेब करून देणारे माणूस पलीकडे आहे, ही या सेवेची खरी किंमत त्या सात-आठ मिनिटांत कळली.

गुरुवारी सकाळी सहा वाजता सिंक घासून त्यात पाणी भरले. सिंकमध्ये पक्षी पूर्ण बुडेना, म्हणून आमची आंघोळीची जुनी, कधी न वापरलेली मोठी बादली काढली आणि त्यात तो नीट बसला. चार वेळा पाणी बदलले. आठ वाजता पिशवी फोडून पोकळीत हात घातला, तेव्हा बरगड्यांच्या आत फक्त बर्फाचा पातळ पापुद्रा लागला आणि तोही हाताने सुटला. त्याच पोकळीतून मान निघाली. पण कलेजी-पेट्याची पिशवी कुठे दिसेना. आदल्या संध्याकाळी फोन ठेवताना त्या बाई म्हणाल्या होत्या की ती पिशवी मानेच्या बाजूच्या कातडीखाली असते आणि पहिल्यांदा करणारे तिथे पाहतच नाहीत. पक्षी फिरवला, कातडी उचलली, तर ती तिथेच होती. आठवण नसती तर ती कागदी पिशवी पक्ष्यासकट ओव्हनमध्ये गेली असती.

सासूबाई तोवर देवपूजा आटोपून ओट्यापाशी आल्या होत्या. त्या खाणार नसल्या तरी त्यांना पाहायचे होते. हा पक्षी आपल्याकडे कधी होता का, असे त्यांनी विचारले आणि मला एक जुनी गोष्ट आठवली. टर्की मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती गोव्याला आली. जहांगीर बादशहाने दुर्मीळ वस्तू आणण्यासाठी मुकर्रब खान नावाच्या सरदाराला गोव्याला पाठवले होते. त्याने १६१२ साली जे प्राणी आणि पक्षी दरबारात नेले त्यांत टर्कीचा नर होता, आणि उस्ताद मन्सूरने काढलेले त्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. संभाजीराजांना पकडणारा मुकर्रब खान वेगळा, हे सासूबाईंना लगेच सांगावे लागले, कारण नाव ऐकताच त्यांचा चेहरा बदलला होता.

दुसरा फोन साडेआठला केला आणि तो अधिक लांबला, कारण माझे तीन प्रश्न होते.

पहिला धुण्याचा. मांस धुतल्याशिवाय शिजवणे हे आमच्या घरात कुणी कधी केलेले नाही. सासूबाईंनी स्पष्टच विचारले, “न धुता ठेवणार हे? आपल्या घरात?” फोनवरच्या जाणकारांनी, या वेळी त्या दुसऱ्या बाई होत्या, धुऊ नका असे ठामपणे सांगितले. अमेरिकेच्या कृषी खात्याचाही हाच सल्ला आहे. धुतल्याने जंतू जात नाहीत; उलट पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर ते सिंकमध्ये, ओट्यावर, शेजारी ठेवलेल्या काकडी-टोमॅटोवर जातात. ते मरतात ओव्हनच्या उष्णतेने. पक्षी कागदी टॉवेलने आतून-बाहेरून कोरडा करावा, म्हणजे कातडी चांगली भाजली जाते. मी यावर विचार केला. कोल्हापुरात मटणाच्या दुकानातून आलेल्या मांसाला हाडांचा चुरा, केस, लाकडी ठोकळ्याची कुसळे लागलेली असतात, म्हणून तिथे धुणे गरजेचेच आहे. इथला पक्षी साफ होऊन बंद पिशवीत आलेला होता, धुऊन काढण्यासारखे त्यावर काही नव्हते. सासूबाईंना हे पटले असे म्हणता येणार नाही, पण त्यांनी पुढे विरोध केला नाही आणि टॉवेलचे तुकडे फाडून माझ्या हातात दिले.

दुसरा प्रश्न मसाल्याचा. घरचा कांदा-लसूण मसाला लावायचा हे मी ठरवूनच बसले होते. त्यांना तो मसाला माहीत असण्याचे कारण नव्हते, म्हणून त्यांनी त्यात काय काय आहे ते विचारले. मिरची, खोबरे, तीळ, लसूण, तेल हे ऐकल्यावर त्यांनी सांगितले की तीन तासांच्या आचेवर हे सगळे कातडीच्या वर करपेल. लोण्यात कालवून कातडीच्या खाली, मांसाला लागून भरा आणि वरून फक्त तेल लावा. पिशवीवरचे लेबल वाचायलाही त्यांनीच लावले. अनेक गोठवलेल्या टर्कींमध्ये कंपनीनेच मिठाचे पाणी टोचलेले असते आणि तसे लेबलवर छापलेले असते. माझ्याही लेबलवर ते होते. त्यामुळे मिठाच्या पाण्यात भिजवण्याची गरज नव्हतीच आणि लोण्यातही मी जादा मीठ घातले नाही. हा सल्ला मिळाला नसता तर माझ्या हातून टर्की निश्चित खारट झाली असती.

कातडीखाली मसाला भरण्याचे काम मला मनापासून आवडले. मानेच्या बाजूने दोन बोटे आत सरकवली की छातीवरची कातडी एका पातळ पडद्यापासून अलगद सुटत जाते. नखांनी फाटू नये म्हणून बोटांच्या पेरांनी पुढे सरकायचे, मग चमच्याने लोणी आत सोडायचे आणि वरून कातडीवर हात फिरवत ते मांडीपर्यंत पसरवायचे. पांढऱ्या कातडीखाली तो तांबडा मसाला पुढे पुढे सरकताना स्पष्ट दिसत होता.

तिसरा प्रश्न स्टफिंगचा, म्हणजे पावाचे तुकडे, सेलरी, कांदा, सेज नावाचा सुगंधी पाला आणि लोणी यांच्या सारणाचा. ते पक्ष्याच्या पोटात भरावे की वेगळे भाजावे? पोटात भरले तर त्याच्याही मध्यभागी १६५ अंश फॅरनहाइट तापमान यायला हवे आणि तोवर छातीचे मांस कोरडे पडू शकते, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याने ते वेगळे भाजावे असे उत्तर आले. मला ते सोयीचेच होते, कारण शाकाहारी पाहुण्यांसाठी ते भाज्यांच्या पाण्यात करायचे होते. पण आमच्याकडे ओव्हन एकच. यावर त्यांनी सांगितलेली युक्ती मी आता सगळ्यांना सांगते : टर्की बाहेर काढल्यावर अर्धा तास तरी कापायची नाही, तिला मुरू द्यायचे, म्हणजे रस मांसात राहतो, त्या अर्ध्या तासात ओव्हन रिकामा आणि तापलेला असतो, तेव्हा बाकीचे भाजून घ्यायचे. सासूबाईंसाठीची रताळी आणि लाल भोपळा मी बुधवारी रात्रीच, ओव्हन स्वच्छ असताना भाजून ठेवला होता. इथे रताळ्यावर मार्शमेलो घालण्याची पद्धत आहे, पण त्यात जिलेटिन असते, म्हणून शाकाहारी घरांनी ते टाळावे किंवा लेबल नीट पाहून घ्यावे.

अकरा वाजता टर्की ३२५ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे साधारण १६३ अंश सेल्सिअसवर, उथळ ट्रेमध्ये जाळीवर ठेवून, छाती वर करून, झाकण न घालता आत गेली. या वजनाला तीन ते साडेतीन तास लागतात. इकडे मान आणि पेटा कांदा, गाजर, मिरी घालून मंद आचेवर उकळत ठेवला. कलेजी त्यात घातली नाही, कारण तिने ग्रेव्हीला कडवटपणा येतो. दोन तासांनी छाती पुरेशी तांबूस झाली, तेव्हा तेवढ्याच भागावर फॉइल सैल टाकले.

तिसरा फोन पावणेदोनला केला आणि त्या फोनसाठी मी या सेवेची सर्वांत अधिक ऋणी आहे. पक्ष्यात आधीच खोचून आलेले, मांस शिजले हे दाखवण्यासाठी असलेले प्लास्टिकचे लाल बटण वर आले होते. कातडी सोनेरी झाली होती, घरभर भाजल्या लसणाचा वास होता, पाहुण्यांची मुले स्वयंपाकघरात येऊन पाहून गेली होती. आपल्या सवयीने पाहिले तर पदार्थ झाला होता. पण नवीन घेतलेला थर्मामीटर मांडीत खुपसला तर १८४ दाखवी आणि बोटभर बाजूला खुपसला तर १६१. कोणता आकडा खरा?

पलीकडून पुन्हा आधी प्रश्नच आला : सुई कुठून आत घातली आहे, आणि ती कशाला टेकते आहे का? मी बाहेरच्या बाजूने, मांडीच्या मधोमध घातली होती आणि ती हाडाला टेकत होती. हाडाला टेकलेली सुई मांसाचे तापमान दाखवत नाही. मांडी जिथे अंगाला चिकटते त्या आतल्या बाजूने, हाडाला समांतर, सर्वांत जाड भागात सुई घालावी, आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे, दोन-तीन ठिकाणी पाहावे आणि सर्वांत कमी आकडा खरा मानावा, असे त्यांनी सांगितले. फोन कानाशी धरूनच मी तसे केले. १६३ आले. छातीत १६०. लाल बटणावर विसंबून टर्की काढली असती तर आतले मांस पुरेसे शिजलेले नसते, आणि ते मला टेबलावर, सगळ्यांच्या समोर कापताना कळले असते.

इथे एका आकड्याविषयी लिहिणे आवश्यक आहे, कारण त्यावरून माझा गोंधळ झाला होता. अमेरिकेचे कृषी खाते सुरक्षिततेसाठी १६५ अंश, म्हणजे ७४ अंश सेल्सिअस, हा किमान आकडा सांगते. बटरबॉल मात्र मांडीसाठी १८० आणि छातीसाठी १७० सांगते. यांत विरोध नाही. १६५ ला मांस खायला निर्धोक होते; पण मांडीच्या मांसात चिवट तंतू अधिक असतात आणि ते विरघळून मऊ व्हायला अधिक उष्णता लागते. छातीचे मांस १६५ ला काढले तर अधिक रसदार राहील असे माझे आता मत झाले आहे, परंतु पहिल्या खेपेला मी फोनवर सांगितलेलेच आकडे पाळले. दोन पंचविसाला मांडी १८० आणि छाती १७० झाली आणि मी टर्की बाहेर काढली.

मुरण्याच्या त्या अर्ध्या तासात स्टफिंग भाजले आणि ट्रेमध्ये उतरलेल्या रसाची ग्रेव्ही केली. वरची चरबी काढून त्यातली थोडी पातेल्यात घेतली, मैदा परतला, ट्रेमधला रस आणि मानेचे पाणी हळूहळू घातले. ट्रेला लागलेला खरपूस थर लाकडी उलथन्याने सोडवून तोही घातला. ग्रेव्हीचा रंग आमच्या सुक्या मटणाच्या मसाल्यासारखा आला, कारण कातडीखालचे लोणी वितळून खाली उतरले होते.

जेवण तीनला सुरू झाले. टर्कीच्या चवीविषयी प्रामाणिकपणे लिहायचे तर छातीचे मांस सौम्य होते आणि ग्रेव्हीशिवाय मला ते फार आवडले नाही. मांडीचे मांस मात्र उत्तम झाले होते : गडद, मऊ, हाडापासून चमच्याने सुटणारे, मसाला आतपर्यंत गेलेले. इथेच जन्मलेल्या एका पाहुण्यांनी मांडी तीनदा मागून घेतली. क्रॅनबेरीचा आंबटगोड सॉस कांदा-लसूण मसाल्याशी इतका जुळेल असे मला वाटले नव्हते.

सेवेविषयी अजून थोडे. फोनवरचे माणूस तुमचे स्वयंपाकघर पाहू शकत नाही. तुम्ही जेवढे नेमके सांगाल तेवढेच नेमके उत्तर मिळते. म्हणून फोन करण्यापूर्वी पिशवीवरचे लेबल, पक्ष्याचे वजन, फ्रीजमध्ये ठेवल्याची वेळ, ओव्हनचे तापमान आणि जेवणाची वेळ कागदावर लिहून घ्यावी. थर्मामीटर नसेल तर शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा सल्ला वापरता येणार नाही, तेव्हा तो आधीच घ्यावा. माझा वीस डॉलरच्या आत मिळाला. इंग्रजीत फोनवर बोलायचा संकोच असलेल्यांनी संदेशाचा मार्ग वापरावा, म्हणजे उत्तर पुन्हा पुन्हा वाचता येते. आणि पहिला फोन बुधवारी संध्याकाळी न करता टर्की विकत घेण्यापूर्वी करावा. मी तसे केले असते तर शनिवारीच कळले असते की तिला रविवारी सकाळी फ्रीजमध्ये आणायचे आहे, आणि गुरुवारची पहाट बादलीतले पाणी बदलण्यात गेली नसती. सेवा पूर्ण मोफत आहे आणि तिन्ही फोनवर मला एकदाही काही विकण्याचा प्रयत्न झाला नाही.

शेवटच्या फोनमध्ये त्या बाईंनी न विचारता आणखी एक गोष्ट सांगितली होती : जेवणानंतर मांस दोन तासांच्या आत हाडांवरून काढून उथळ डब्यांत फ्रीजमध्ये ठेवा, ते तीन-चार दिवस चांगले राहते, आणि पुन्हा गरम करताना १६५ पर्यंत न्या. पाहुणे गप्पा मारत असतानाच मी पाच वाजायच्या आत ते उरकले. मांडीचा एक चांगला तुकडा सासूबाईंच्या नावाने वेगळ्या डब्यात ठेवला.

शुक्रवारी दुपारी त्यांनी स्वतः खोबरे भाजले, वाटण केले आणि त्या तुकड्याचा तांबडा रस्सा केला. रस्सा उकळत असताना थर्मामीटर कुठे ठेवलास म्हणून विचारले, चष्मा लावला, झाऱ्याने तुकडा वर उचलून सुई त्यात घातली आणि आकडा थांबेपर्यंत वाट पाहिली. “एकशे शहाऐंशी आलं गं,” त्या म्हणाल्या, आणि भाकरी टाकायला घेतली.